कऱ्हाड == कर्‍हाड? उत्तर : नाही

मंडळी, शीर्षक बरोबर वाचलंत. दोन्हीकडे एकच गाव आहे. तेच, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं, यशवंतराव चव्हाणांचं. फॉन्ट बरा असेल तर डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी दोन शब्दांत फरक दिसणार नाही. पण रोजच्या वापरातल्या कुठल्याही संगणक-भाषेला विचारा, "हे दोन सारखे आहेत का?" ती बेधडक सांगेल, नाहीत.

सगळा घोळ त्या मधल्या वाकड्या अर्ध्या र चा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला जातो. पहिली रीत : खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त. दुसरी : साधा र, हलन्त, आणि त्याच्या मागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. तुमचा कीबोर्ड कुठला, यावर काय पडणार ते ठरतं. टंकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची स्वतःची रीत आहे, पण तीही या दोघांना एक मानत नाही. वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सगळ्यांची हीच गत. ॲडव्होकेटमधल्या ॲ ची तर तीन रूपं हिंडतात : एकसंध ॲ (हा युनिकोडमध्ये २००८ साली आला), अ वर चंद्र, आणि अ, अदृश्य जोडचिन्ह, मग चंद्र.

आता समजा, एका कचेरीत अर्ज आला "कऱ्हाड" नावाने आणि जुनी नोंद आहे "कर्‍हाड" नावाने. खिडकीवरचा माणूस दोन्ही वाचतो, दोन्ही एकच आहेत हे त्याला कळतं, आणि तरी तो म्हणतो, "साहेब, सिस्टीममध्ये सापडत नाही." बिचारा खोटं बोलत नाही. त्याच्या सिस्टीमला == एवढंच येतं.

या विषयावर मला आज भांडायचंय, म्हणून माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवलेल्या ज्या छोट्या भाषा असतात, त्यांनी वापरणाऱ्याला तुलनेची स्वतःची चिन्हं बनवू दिलीच पाहिजेत. "सारखं कोण" आणि "आधी कोण" हे ठरवायचा हक्क भाषा बनवणाऱ्याचा नाही, ज्याची यादी आहे त्याचा आहे.

पोटात बसवलेली भाषा म्हणजे काय, ते ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी. जेवण हॉटेलचं, पण मीठ-तिखटाच्या बाटल्या तुमच्या टेबलावर, असा हा प्रकार. मूळ सॉफ्टवेअर कंपनीचं. पण आपले नियम गिऱ्हाइकाने स्वतः लिहावेत म्हणून आत एक छोटी भाषा दिलेली असते. या जातीतली सगळ्यात नावाजलेली भाषा म्हणजे लुआ. १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तिचा जन्म झाला. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ, अडोबीचं लाइटरूम, सगळ्यांच्या पोटात ती आहे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? मराठी विकिपीडियावर लेखाच्या कडेला जी माहितीची चौकट दिसते ना, तशा चौकटींमागेही २०१३ पासून लुआ चालते. म्हणजे तुम्हीही तिचे गिऱ्हाईकच.

त्याच १९९३ साली, त्याच दक्षिण गोलार्धात, पण पॅसिफिकच्या या टोकाला, ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी आर नावाची भाषा लोकांपुढे आणली. नाव दोघांच्या आद्याक्षरावरून, आणि बेल लॅब्जच्या एस या थोरल्या भाषेवर कोटी म्हणूनही. विद्यार्थ्यांच्या मॅकिन्टॉश लॅबसाठी बरं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून घरीच केलेला हा स्वयंपाक. १९९५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांना फुकट दिली आणि २९ फेब्रुवारी २००० ला तिची १.० ही आवृत्ती आली. आर आकडेमोडीची भाषा आहे, पण तीही दुसऱ्याच्या पोटात बसते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती बसवलेली आहे. इहाका माओरी वंशाचे. हे मी उगाच सांगत नाहीये, माओरीचा विषय पुढे येणारच आहे.

आधी लुआबद्दलची तक्रार. लुआत तुम्ही स्वतःची वस्तू बनवली, समजा "तारीख" किंवा "गाव", तर तिच्यासाठी <, <= आणि == यांचा अर्थ तुम्हाला ठरवता येतो. छान. पण दोन्ही बाजूंना साधा मजकूर असेल तर लुआ तुमचं ऐकूनच घेत नाही. दोन आकडे किंवा दोन मजकूर समोर आले की ती आपल्या पद्धतीने उत्तर देऊन मोकळी होते. तुमचा नियम त्यानंतर, बाकीच्यांसाठी. म्हणजे नेमकी जिथे मराठी माणसाला गरज, त्या दारालाच कुलूप!

आणि लुआची आपली पद्धत कुठली? ऑपरेटिंग सिस्टीम सांगेल ती. बहुतेक ठिकाणी कोणी काही सांगितलेलंच नसतं, त्यामुळे हिशोब होतो नुसत्या क्रमांकांचा, युनिकोडच्या तक्त्यात कोण आधी बसलंय त्याचा. त्या तक्त्यात ळ बसलाय ल च्या शेजारी. आपण शाळेत घोकलं स, ह, ळ, क्ष, ज्ञ. तेव्हा आपल्या हिशोबाने कासार आधी आणि काळे नंतर. यंत्राच्या हिशोबाने काळे आधी. क्षीरसागर आपल्या पाढ्यात शेवटून दुसऱ्या अक्षराचे, यंत्राच्या पाढ्यात क संपता संपता, खऱ्यांच्या आधी. आणि ॲ? महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने त्याला वर्णमालेत, स्वरांमध्ये, रीतसर पाट मांडून दिला. पण युनिकोडच्या तक्त्यात तो उशिरा आलेला पाहुणा, त्याला जागा मिळाली ह च्या, इतकंच काय आकड्यांच्याही पलीकडे. त्यामुळे यंत्राच्या यादीत ॲड्रेस येतो हॉटेलच्या नंतर.

आता कोणी पंडित म्हणेल, क्ष हे तर जोडाक्षर, ते क मध्येच असायला हवं. म्हणू दे की! हाच माझा मुद्दा आहे. क्रम हा वाटाघाटीचा विषय आहे, आणि वाटाघाट मराठी माणसांत व्हावी. ती तक्त्यात कोण कुठल्या साली येऊन बसलं यावर ठरू नये.

इथे न्यूझीलंडमध्ये हेच भांडण वेगळ्या अक्षरांत चालतं. माओरी रोमन लिपीत लिहितात, पण तीत एन-जी मिळून एक अक्षर आहे आणि डब्ल्यू-एच मिळून एक. विल्यम विल्यम्सचा माओरी शब्दकोश १८४४ मध्ये पैहिया इथे छापला गेला. या कोश-परंपरेत एन चे सगळे शब्द संपले की एन-जी चे सुरू होतात. म्हणून नुई (मोठा) आधी आणि न्गारू (लाट) नंतर. विकी (आठवडा) आधी आणि व्हारे (घर) नंतर. इंग्रजी वळणाचा < नेमकं उलटं सांगतो, कारण त्याला एन-जी म्हणजे दोन सुटी अक्षरं. माओरी १९८७ पासून या देशाची अधिकृत भाषा आहे. कायद्याने दर्जा दिला, < ने मात्र अजून दिलेला नाही.

आणि == ची गंमत? इथे एक शहर आहे, व्हांगानुई. त्यात एच आहे की नाही यावर गावात अनेक वर्षं रण पेटलं होतं. २००९ मध्ये सरकारने एच असलेलं आणि नसलेलं, दोन्ही स्पेलिंगं अधिकृत ठरवली. २०१५ मध्ये जिल्ह्याच्या नावात एच घालायचं ठरलं. म्हणजे सहा वर्षं कायदा सांगत होता की ही दोन नावं एकाच गावाची आहेत, आणि देशातला प्रत्येक == सांगत होता की नाहीत. दीर्घ स्वराचंही तसंच. बहुतेक लोक तो अक्षरावर आडवी रेघ देऊन लिहितात, वायकातोचे लोक तोच स्वर दोनदा लिहितात. शब्द एक, उच्चार एक. यंत्राच्या लेखी दोन.

आता विरोधकांकडे वळतो, कारण त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, < या चिन्हाचा अर्थ जो तो बदलू लागला तर दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायचा कसा? जावा बनवणाऱ्या जेम्स गॉस्लिंगने याच भीतीने चिन्हांना नवे अर्थ द्यायची सोय जावातून वगळली. सी प्लस प्लसमध्ये लोकांनी तिचा फार गैरवापर केलेला त्याने पाहिला होता. बरं, मग जावात सगळं सोपं झालं का? पुण्यातल्या कुठल्याही कॅम्पस इंटरव्ह्यूला बसलेल्या पोराला विचारा. "जावात == आणि इक्वल्स यांत फरक काय?" हा प्रश्न पाठ केल्याशिवाय कोणी नोकरीला लागत नाही. कारण जावाचा == मजकुराचा अर्थ बघतच नाही, दोन्हीकडे मेमरीतली तीच वस्तू आहे का एवढंच बघतो. चिन्ह गोठवलं म्हणून गोंधळ टळला नाही, तो फक्त इंटरव्ह्यूचा प्रश्न झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. तुलनेला नियम असतात. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी, तर अ हा क च्या आधी यायलाच हवा. कोणी वेडंवाकडं चिन्ह बनवलं तर यादी लावणारा कोड चक्रावतो. लुआ तर कधीकधी "क्रम लावायचं फंक्शन अवैध आहे" म्हणत अर्ध्यावर काम टाकते. कबूल. पण यात भाषा बनवणारेही घसरलेले आहेत, फक्त गिऱ्हाईक नव्हे. लुआ ५.३ पर्यंत तुम्ही <= चा अर्थ दिला नाहीत तर ती स्वतःच ठरवायची की "ब < अ" नसेल तर "अ <= ब" असणारच. आकड्यांना हे ठीक. पण समजा अ म्हणजे माझ्या डब्यातलं जिरं-मोहरी, ब म्हणजे तुमच्या डब्यातली हळद, आणि <= म्हणजे "हे सगळं तिकडच्या डब्यात आहे का?" तुमची हळद माझ्याकडे नाही, म्हणून माझं जिरं-मोहरी तुमच्याकडे आहे, असा लुआचा निष्कर्ष! २०२० मध्ये ५.४ आवृत्तीत त्यांनी ही पद्धत काढून टाकली, ते योग्यच झालं. पण सगळ्या जगाची तुलना एकाच साच्यात बसते हा समज किती खोल रुजलेला आहे, ते यावरून कळतं.

तिसरा आक्षेप आमच्या ऑफिसातला. (कंपनीचं नाव कशाला?) आमचं सॉफ्टवेअर लहान-सहान संस्था वापरतात आणि त्याच्या पोटात लुआ आहे. आमच्या प्रतीत तुलनेचं नवं चिन्ह घालून मी ते चालवून दाखवलं. काम फार मोठं नव्हे : मजकूर वाचणाऱ्या भागाला नवं चिन्ह ओळखायला शिकवायचं, कुठलं चिन्ह आधी सोडवायचं त्या छोट्या तक्त्यात त्याला ओळ द्यायची, आतल्या यंत्राला एक नवी आज्ञा द्यायची, आणि गिऱ्हाइकाचा नियम कुठे शोधायचा ते सांगायचं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग प्रश्न आला, "पण हे मागितलंय कोणी?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. ज्याचं नाव यादीत चुकीच्या जागी येतं तो तक्रार करत नाही हो, तो खाली खाली सरकवत नाव शोधतो आणि गप्प बसतो. ज्याचं गाव सापडत नाही तो पुढच्या वेळी रोमन लिपीत कराड लिहितो. आपण मराठी लोक तर यात पटाईत. मग मागणी दिसणार कुठून? "फंक्शन लिहा ना, चिन्ह कशाला?" हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. फंक्शन लिहिता येतंच. पण < आणि == समोर तयार पडलेले असताना, वाचनालयाची याद्या करणारी बाई किंवा सोसायटीचा हिशेबनीस दर ओळीला आठवणीने ते लांबलचक फंक्शन वापरतील? चार ठिकाणी वापरतील, पाचव्या ठिकाणी == टंकतील आणि कऱ्हाड पुन्हा हरवेल. ज्याला चिन्ह मिळतं तोच रोजच्या वापरात येतो. = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं, कारण "च्या बरोबर आहे" असं पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. < आणि > हे टॉमस हॅरियटच्या १६३१ मधल्या पुस्तकातून आले. म्हणजे हीसुद्धा कोणा एकेकाळच्या वापरणाऱ्याने स्वतःच्या गरजेपोटी बनवलेली चिन्हंच आहेत. आकाशातून पडलेली नाहीत.

मग तोडगा काय? तो बराचसा ऑकलंडच्या भाषेत तयार आहे. आरमध्ये दोन टक्के-चिन्हांच्या कुंपणात तुम्हाला हवं ते नाव घालून नवं चिन्ह बनवता येतं. मी %सारखं% आणि %आधी% अशी दोन बनवून ठेवली आहेत, चक्क देवनागरीत. गाव %सारखं% "कऱ्हाड" असं लिहिलं की दोन्ही रीतींचं कऱ्हाड सापडतं. यात जुन्या == ला कोणी हात लावलेला नाही. वाचणाऱ्याला टक्क्यांचं कुंपण दिसतं आणि लगेच कळतं की हा घरचा नियम आहे, त्याची व्याख्या कुठेतरी लिहिलेली असणार. गॉस्लिंगच्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही : जुन्या चिन्हाचा अर्थ गुपचूप बदलू नका, नवं चिन्ह उघडपणे द्या.

आरची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिला "माहीत नाही" असं उत्तर देता येतं. एखादी किंमतच गहाळ असेल तर ती ५ पेक्षा लहान आहे का, याला आर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ज्या गटांना क्रमच नाही, समजा रक्तगट, त्यांच्यात < लावलंत तर ती बजावते की या तुलनेला अर्थ नाही. लुआत ही सोय नाही. तुमच्या नियमाने काहीही उत्तर दिलं तरी ती त्याचं हो किंवा नाही करून टाकते, मधलं उत्तर तिथेच मरतं.

आरही निर्दोष नाही. टक्क्यांच्या कुंपणातली चिन्हं ती गुणाकार-बेरजेच्याही आधी सोडवते. त्यामुळे "क + १ %आधी% ख" असं लिहिलंत तर ती आधी १ आणि ख यांची तुलना करते आणि ते उत्तर क मध्ये मिळवते. कंस दिले नाहीत तर बोंबला! म्हणून माझी मागणी अशी आहे, आणि ती पोटात बसणाऱ्या सगळ्या भाषांकडे आहे. जुनी चिन्हं जशी आहेत तशी राहू द्या. नवं चिन्ह दिसायला वेगळं असावं. ते < च्याच पायरीवर सुटावं, गुणाकाराच्या आधी नव्हे. त्याला "माहीत नाही" म्हणायची मुभा असावी. आणि क्रमाचं चिन्ह बनवताना गिऱ्हाइकाने चार नमुने द्यावेत, भाषेने ते फिरवून पाहावेत आणि क्रम गोल फिरत असेल तर तिथल्या तिथे सांगावं.

भाषावार क्रमाचे तक्ते तयार असलेल्या लायब्रऱ्या आहेत, त्यांत मराठीचाही तक्ता आहे. साहित्य घरात आहे, फक्त लुआसारख्या भाषांच्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात यायला बंदी आहे.

तुम्ही तिकडे महाराष्ट्रात आहात, तुमच्या बँका, पतपेढ्या, नगरपालिका, शाळा रोज नवं सॉफ्टवेअर घेत असतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "मराठी सपोर्ट आहे." तो खोटं बोलत नाही, पडद्यावर मराठी दिसते. त्याला एवढंच सांगा : कऱ्हाड दोन रीतींनी टंक आणि शोधून दाखव. कासार आणि काळे यांची यादी लाव. ॲड्रेस कुठे जातो ते बघ. आणि जमत नसेल तर नियम आम्हाला लिहू दे, जागा ठेव. "हे मागितलंय कोणी?" असं त्याने विचारलं, तर निदान तुमचं नाव तरी सांगता येईल.